दोन गठ्ठ्यांमधल्या ढांगा

“उडी तं बकरीबी मारते. उडीच्या अगोदरची ढांग दाखवा,” असं तो घोड्याची तारीफ करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा.

अमरावतीत तेव्हा कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मी एका इंग्रज व्यापाऱ्याच्या कोठीत दुभाषी होतो आणि तो साहेबाच्या घोडीचा चाबुकस्वार, म्हणजे घोडी शिकवणारा. मूळचा बाळापूरचा. अंगानं वाळका, पायानं किंचित फेंगडा.

कोठीच्या आवारात त्यानं कापसाचे दोन गठ्ठे मांडले होते. दोन्हींवरून घोडीनं उडी घ्यायची आणि मधलं अंतर कधी पाच लांब ढांगांत काटायचं, कधी सहा आखूड ढांगांत. कुंपणाबाहेरून तुम्हाला फरक दिसला नसता. ऐकू मात्र आला असता. “लांब, माय, लांब,” असं तो म्हणाला की घोडी अंग पसरायची. “हयू, हयू,” म्हणजे हळू, असं म्हटलं की गोळा व्हायची.

साहेबानं शब्द दिला होता: मैदानावर ही घोडी माझ्याखाली अशी चालली की तू मोकळा. तोवर रजा नाही. न सांगता निघून जाणं शक्य नव्हतं. त्याच्या दोन्ही भावांच्या बैलगाड्या साहेबाच्याच कापसावर चालत. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि बायकोजवळ तो एकूण वीस दिवस राहिला होता. एकदा घोडीचे खूर साफ करता करता म्हणाला, “हिची टाप मी झोपेत वळखीन, बाबू. घरची मागून चालत आली तं मले समजणार नाई.”

दसऱ्यानंतर साहेबानं घोडी मैदानावर नेली. पहिल्या गठ्ठ्यावरून ती गेली. दुसऱ्यापाशी ढांगांचा मेळ चुकला, घोडी अडली आणि गठ्ठ्यापलीकडे साहेब एकटाच पोचला.

चूक आधी चाबुकस्वाराच्याच लक्षात आली. घोडी लगामाला नव्हे, त्याच्या बोलण्याला शिकली होती. मग साहेबानं ते शब्द पाठ केले. साहेबाच्या तोंडून “हयू, माय” ऐकून घोडी थांबली आणि मान वळवून चाबुकस्वाराला शोधू लागली. आम्ही हसलो. तो हसला नाही.

“काहून बोलत गेलो मी तिच्याशी?” एवढंच मला म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो तोंडावर फडकं बांधून खोगिरावर बसू लागला. पाठ किंचित मागे घेतली की आखूड ढांग, मूठ सैल सोडली की लांब. हे नव्यानं शिकवण्यात हिवाळा गेला. घोडी कान मागे करून वाट पाहायची, तो गप्प.

होळीच्या सुमारास साहेबानं तिच्यावर बसून सगळे गठ्ठे बिनचूक पार केले. संध्याकाळी त्यानं आम्हा दोघांना बोलावलं. बाहेर एक काळं शिंगरू बांधलेलं होतं. असा माणूस सोडण्यात शहाणपण नाही, हे साहेबाचं वाक्य मला मराठीत सांगावं लागलं. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

दिलेल्या शब्दाची आठवण चाबुकस्वारानं करून दिली नाही. शिंगराचे ओठ वर करून दात पाहिले.

“अडीच वर्साचं हाय,” तो म्हणाला. “पाठीवर बसाले अजून एक साल लागते.”

त्याच महिन्यात मी अकोल्याच्या कोठीत गेलो. निघालो त्या सकाळी तो शिंगराला लांब दोरीवर फिरवत होता. त्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. त्या संध्याकाळनंतर शिंगरानं त्याचा आवाज ऐकला नव्हता.