काचेतला बुडबुडा
नव्या काचेच्या कडेला लावलेल्या सोल्युशनचा वास अजून गाडीत आहे, आणि त्या वासाने मला आमचं अंगण आठवतं. लाखनीजवळ ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून समोरच्या काचेचा टवका गेला होता, बायको बसायची त्याच बाजूला. किमतीवरून काचवाल्याशी माझं वाजलं आणि मी रागाने दुरुस्तीचं सामान घेऊन घरी आलो. टवक्यात भरायचं द्रव्य उन्हात लगेच घट्ट होतं, म्हणून ते आत मुरेपर्यंत बायको अंगणात काचेवर धान पाखडायचं सूप धरून उभी राहिली. "त्याच्याकडूनच करून घ्यायचं होतं ना जी." "त्याले कायले देऊ? मले हात नाहीत काय?" "हायेत ना. म्हणूनच सूप मी धरून राहिली." ती हसली, सूप हललं, ऊन पडलं आणि काचेत तांदळाएवढा बुडबुडा कायमचा अडकला. पुढे गाडीत बसली की ती आधी त्यावर बोट टेकवायची. ती गेली, तरी बुडबुडा होता. गेल्या आठवड्यात मुलाने मला न विचारता काच बदलून आणली. "विम्यातून फुकटात झालं, बाबा," तो म्हणाला. फुकट मिळालेल्या वस्तूवरून मी जन्मात पहिल्यांदाच भांडलो, आणि अजून त्याच्याशी बोललेलो नाही.