बारशाची कॅसेट

माझ्या नातीच्या बारशाला मी गेलो नव्हतो. तरीही तिथे सर्वांत जास्त वेळ मीच बोललो.

बारसं होतं बंगळुरूला. सुनंदा, म्हणजे आमची ही, लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने तिकडेच. मी मात्र लालबागच्या खोलीत अडकलेलो, कारण चाळीच्या पुनर्विकासाचा सर्व्हे. साहेब कधीही येतील, खोली बंद दिसली तर नावावर काट मारतील! (साहेब अजून यायचेत.) सुनंदा रोज फोनवर विचारायची, "अहो, जेवलात ना नीट?" मी म्हणायचो, "मजेत आहे गं!" फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं, की फ्रिज घरघरला तरी मी 'ओ' द्यायचो.

बारशाला आठवडा असताना लेकीचा, वृषालीचा फोन. "बाबा, माझ्या बारशाला आजीने म्हटलेला मालवणी पाळणा कॅसेटवर आहे ना? बाळाच्या कानावर पडायला हवा हो."

कॅसेट सापडली. पण आईचा आवाज कमी, खरखर जास्त!

जावई निखिल संगणकातला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यानेच लिनक्स घालून दिलेलं. म्हणाला, "बाबा, खरखर काढणारं सॉफ्टवेअर आहे, एकदम फुकट. फक्त तुमच्या मशीनसाठी तयार मिळत नाही. कोड उतरवा आणि घरीच कंपाइल करा."

"म्हणजे?"

"म्हणजे मोदक विकत आणायचे नाहीत. पिठीपासून सुरुवात."

पिठीपासून? मला तर आधी शेत नांगरावं लागलं! त्याने पाठवलेली ओळ टाइप केली, तर उत्तर आलं, अमुक लायब्ररी, म्हणजे आधी लागणारं दुसरं सॉफ्टवेअर, सापडत नाही. ती बसवली. तिला दुसरी हवी. दुसरीला तिसरी. तिसरी म्हणे, पहिली फार जुनी आहे! रेशनकार्डासाठी लाइटबिल आणि लाइटबिलासाठी रेशनकार्ड, तशातली गत.

"अरे निखिल, नुसत्या वॉर्निंगा येतायत!"

"वॉर्निंग सोडा, बाबा. एरर आली तरच थांबा."

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली. ओळी भराभर वर सरकू लागल्या, टक्क्यांचा आकडा चढू लागला. मी चहा घेऊन समोर बसलो. खरं सांगतो, बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच घरात माझ्याशिवाय कोणीतरी काम करत होतं! शंभर टक्के झाल्यावर मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. मग, संपलं म्हणून जरा वाईटही वाटलं.

टेपरेकॉर्डरला वायर लावली, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आवाज कुठूनच येईना. पण पडद्यावर हिरव्या लाटा नाचायला लागल्या. आई! अर्धा तास मी त्या लाटांसमोर बसून होतो. मी काही बोललो की त्या उंच व्हायच्या. (वाटलं, आई ऐकतेय.) मग खरखर काढली आणि फाइल धाडून दिली. ऐकून बघायला लॅपटॉपचा स्पीकर चालू होता कुठे!

बारशाला मी मोबाइलवरून व्हिडिओ कॉलवर. हॉलमध्ये ऐंशी माणसं, त्यातली बहुतेक निखिलकडची. त्याने जाहीर केलं, "आता बाळाच्या पणजीच्या आवाजातला पाळणा!" सगळे शांत. आणि मोठ्या स्पीकरमधून आवाज आला:

"सुनंदा, अगं मिठाची बरणी कुठे ठेवलीस?"

माझा आवाज! एकट्याने घरात बडबडायची मला सवय लागली होती, ती सगळी रेकॉर्ड झाली होती!

"बंद कर रे!" मी ओरडलो. पण तिकडे कोणीतरी मला म्यूट केलं होतं.

"आज पण कोलंबी करपली. बिस्किटंच खाल्ली. काल पण बिस्किटंच." हॉल हसला.

"आणि विहीणबाईंना सांग, जरा हळू बोला. बंगळुरूहून तसंच ऐकू येतं, फोन कशाला?" हॉल फुटला. विहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

निखिल बटन शोधत धावत होता. तेवढ्यात स्पीकर म्हणाला, "वृषालीला सांगू नकोस हां, पण खोली खायला उठते गं. जेवायला दोन ताटं काढतो, मग एक परत ठेवतो."

हॉल चिडीचूप. सुनंदाने पदर डोळ्यांना लावला.

लॅपटॉपने वायरीतून न घेता स्वतःच्या माइकमधून आवाज घेतला होता, हे निखिलने नंतर शोधून काढलं. वायर लावल्यावर टेपचा स्पीकर बंद, त्यामुळे पाळण्याचा एक सूरही नाही. बाकी सॉफ्टवेअर उत्तम! शेजारचा मिक्सरसुद्धा गाळून त्याने माझा शब्दन्‌शब्द लख्ख केला होता.

सुनंदा फोनवर आली. "मजेत आहात ना?"

मी टेबलावरचा बिस्किटांचा पुडा उगाच पाठीमागे लपवला.

"परवा निघते मी."

"अगं, नको, बाळाला कोण..."

मागून विहीणबाई गरजल्या, "जाऊ द्या हो त्यांना! बाळाकडे मी बघते. आणि तुमचा तो सर्व्हे आटपला की इकडे जेवायला या!" (इकडे माझ्या दारातली मांजर दचकून पळाली.)

पाळणा पुढच्या आठवड्यात नीट उतरला. नातीचं नाव इरा ठेवलं. पण त्या हॉलमध्ये बारसं दोघांचं झालं. जावयाच्या घरी लहानथोर सगळे मला आता बिस्किटआजोबा म्हणतात.