गोलातला चौकोन आणि आमचे सासरे

जगातल्या प्रत्येक गोल वस्तूच्या पोटात एक चौकोन अडकून पडलेला असतो आणि त्याला मोकळं करणं हेच मनुष्यजन्माचं सार्थक, असं मानणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. अमरावतीच्या एका शाळेत ते भूमिती शिकवत. भूमितीत त्रिकोण, समांतर रेषा वगैरे बाकीचंही पुष्कळ असतं. पण ती सगळी त्यांच्या मते वर्तुळात चौकोन बसवण्याची पूर्वतयारी होती. चौकोनाचा चौथा कोपरा वर्तुळाला भिडला की ते मांडीवर थाप मारून ओरडत, “टेकलं!” घरात भाकरी ताटात पडली की आधी नखाने तिच्यात चौकोन आखायचा, मग कडेचे चार तुकडे खायचे आणि चौकोन शेवटी, ठेच्याबरोबर. “ह्यायले गरम भाकर वाढून काय फायदा? आखेपर्यंत गार होते,” असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एकदा बडनेऱ्याकडच्या एका शेतात ते विहिरीवर वाकून, दोन्ही हात पसरून काठाचा अंदाज घेत होते. दोघा शेतकऱ्यांना वाटलं, गुरुजी जीव देतात. त्यांनी धावत येऊन धोतर धरलं. गुरुजींनी त्यांच्याच हाती दोरीची टोकं दिली आणि समोरासमोर उभं केलं. सासूबाईंच्या कुंकवाला मात्र त्यांनी जन्मभर सूट दिली होती.

मी अकोल्याहून मुलगी पाहायला गेलो तेव्हा मला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मला चौरस पाटावर बसवलं. पाटाभोवती रांगोळीचं वर्तुळ होतं आणि पाटाचे चारही कोपरे त्याला बरोबर टेकले होते. त्या घरातली रीतच ती. मुलीला वळण लावायचं म्हणजे आधी हे वर्तुळ हाताने काढायला शिकवायचं. पोहे तोंडाशी नेणार, तोच सासरे म्हणाले, “जावईबापू, ह्या गोलाचे अकरा वाटे केले तर पाटाच्या वाट्याले किती येतीन?” मी बराच विचार करून म्हणालो, “पोह्यात मीठ अगदी बरोबर आहे.” दाराआडून हसू ऐकू आलं, आणि ज्या घरात असं हसू आहे तिथेच लग्न करायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. “सात,” सासरे म्हणाले. “येत नव्हतं तर ठोकून दिलं नाही तुमी. हे मले आवडलं.” दिवाळीनंतरची तिथी धरली.

माझी होणारी बायको तेव्हा एका नव्या कन्याशाळेत लहान मुलींना शिकवत असे. शाळेला इमारत नव्हती. ती भरायची एका जिनिंगवाल्याच्या गोदामात, आणि दसऱ्याला कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की मुलींना उठावं लागे. आदल्या हंगामात अशा घरी बसलेल्या पोरींपैकी निम्म्या परत आल्याच नाहीत. तेवढ्यात त्यांची लग्नं उरकली होती. ह्या वर्षी मात्र सासऱ्यांनी आणि शाळेच्या मंडळींनी भिंती उभ्या केल्या होत्या. अडलं होतं ते एका तुळईवाचून. मिस्त्री म्हणे, एवढं छप्पर पेलायचं तर तुळई सगळीकडून बारा इंच हवी, एक दोरा कमी चालायची नाही.

तेव्हा एके दिवशी मी, सासरे आणि मिस्त्री सर्व्हिस मोटारीने परतवाड्याला निघालो. होणाऱ्या जावयाला लाकूड बघायला नेतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. वखारीचे मालक, ज्यांना सगळे हाजीसाहेब म्हणत, त्यांच्याकडे पाहिजे तेवढ्या लांबीचं, सरळ असं सागाचं एकच खोड उरलं होतं. दुसरं मेळघाटातून यायचं तर पावसाळ्यानंतर, म्हणजे दसरा टळल्यावर.

हाजीसाहेबांनी लाकूडवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे खोडाला सुतळी गुंडाळली, तिची चार पदरी घडी घातली आणि पट्टीला लावली. “देखो गुरुजी, चौथाई तेरा के ऊपर. तेरा इंची तुळई निघते.” मिस्त्री ह्या चौथाईला आधी दोनदा फसलेला होता. तो म्हणाला, “दहा निंगन. दहाले मी छप्पर चढवत नाही. चला परत.”

सासरे खोडाच्या बारीक तोंडाशी उकिडवे बसले. साल वगळून त्यांनी मोजलं. सतरा इंच. गेरूने मधोमध एक रेघ मारली, तिला काटकोनात दुसरी मारली आणि चारी टोकं जोडली. “हाजीसाहेब, सुतळीचा चौकोन होते, पण त्याचे कोपरे हवेत हायेत. खोडात मावत नाहीत ते. आन् मिस्त्री, तू भेऊन राहिला. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, दोनदा घेतले तर दोनशे अठ्ठ्याऐंशी. सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद. बारा इंच निंगते. वर एक उरते, तो करवतीले!”

“आन् नाही निंगली तर?” मिस्त्री म्हणाला. “लाकूड एकच हाय गुरुजी. पोरी बसतीन घरी.”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. भाकरी चुकली तर खाता येते, हे खोड चुकलं असतं तर भरून निघणारं नव्हतं. गेरूने माखलेला हात त्यांनी धोतराला पुसला, पुन्हा एकदा मोजलं आणि म्हणाले, “चालवा. करवत रेघेच्या बाहेरून.”

लाकूड कापणारे दोघे, एक वर आणि एक खाली, करवत ओढू लागले. सगळी वखार कामं टाकून भोवती जमली. मी तर पुढे घुसून रेघेवरचा भुसा फुंकून उडवत होतो. माणूस सासरा व्हायच्या आतच माझा झाला होता, हे मला तिथे कळलं. चौथी फळी पडली. मिस्त्रीने पट्टी लावली, उलटी लावली, दुसरीकडून लावली. बारा, बारा, बारा, बारा. बारीक तोंडाशी चारही कडांवर सालीची केसाएवढी तपकिरी रेघ उरली होती.

“टेकलं!” सासरे असे ओरडले की बाहेरचे बैल बुजले. हाजीसाहेबांनी त्यांना मिठी मारली. “वल्लाह गुरुजी, बाल बराबर भी नहीं छोड़ा!” चौथाईतून दहावा हिस्सा काढला की खरी तुळई येते, हे सासऱ्यांनी त्यांना तिथेच शिकवलं. पुढे त्या वखारीत म्हणच पडली: बेचने को चौथाई, काटने को गुरुजी. तुळईची गाडी अमरावतीत शिरली तेव्हा वर सासरे बसलेले, पुढे मुली नाचत. दसऱ्याला गोदामाच्या एका दाराने कापूस आत आला आणि दुसऱ्या दाराने पोरी पाट्या घेऊन ओळीने आपल्या शाळेत गेल्या. त्या वर्षी एकही घरी बसली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते आमच्याकडे अकोल्याला दिवाळीला आले, तेव्हा मोतीबिंदूने डोळे पार गेले होते. भाकरीत ते आता चौकोन आखत नसत. निमूट खात, आणि ते मला बघवत नसे. हिने त्यांच्या पाटाभोवती वर्तुळ काढलं, पण काढताना सारखी त्यांच्याकडे बघत होती, डोळे भरलेले. चौथा कोपरा सुटला. वर्तुळ बोटभर लांबून गेलं. मी खूण करणार, तोच सासरे वाकले आणि एकेक कोपरा बोटाने चाचपू लागले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी बोट रिकाम्या जमिनीवर थांबलं. केसभर चुकीला त्या माणसाने आयुष्यात कधी माफी दिली नव्हती. आता त्यांनी बाजूची रांगोळी बोटाने हळूच ओढून कोपऱ्यापर्यंत आणली, पाटावर बसले आणि लेकीला म्हणाले, “टेकलं वं बाई. वाढ आता.”