नाकाची वही

डोंगरकडा गावात कुणाच्या घरी निकाह ठरला, की आधी तारीख काझींची घ्यायची की जलालुद्दीन बावर्चींची, यावर लोक चेष्टेनं वाद घालत. काझी दुसरेही मिळतात असं म्हणून बहुतेक जण आधी जलालुद्दीनचाचांकडंच जात. चाळीस वर्षं त्यांनी देगा, म्हणजे जेवणावळीची मोठाली पातेली, चुलीवर चढवल्या. मुसलमानांच्या घरच्या तर झाल्याच, पण पंचक्रोशीत कुणी पाटील किंवा तांड्यावरचं कुणी मटणाचं जेवण घालणार असेल तर त्यांच्याही. माणूस तसा तिरसट. देगीजवळ कुणी चप्पल घालून आलं, तर तो नवरदेवाचा मामा असला तरी चाचा त्याला मांडवाबाहेर काढत. त्यांच्या हातचं जेवल्यावर मात्र मामा हात धुता धुता अपमान विसरून जाई.

खरी मिजास दिसायची रमजानात. मशिदीतल्या इफ्तारीसाठी गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास घोटून खिचडा होई, आणि तो चाचांच्याच हातचा लागे. रोजा असल्यानं बावर्चीला चाखता येत नाही. दुसरे बावर्ची अशा वेळी अंदाजानं मसाला टाकून बाकीचं अल्लावर सोपवतात. चाचा झाकण बोटभर सरकवून डोळे मिटत, वाफ आत घेत आणि सांगत, "धने अजून कच्चे हायेत." किंवा, "जाळ काढा, तळ धरून राहिलाय." मीठ तेवढं वासानं कळत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. त्यासाठी संतराम होता. संतराम मंडपवाला, तीस वर्षांपासूनचा शेजारी. त्याला रोजा नसायचा, म्हणून चमचाभर खिचडा फुंकून तोंडात टाकायचा आणि मीठ बराबर आहे की नाही ते सांगायचं, एवढं काम त्याच्याकडं वडिलोपार्जित असल्यासारखं आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात चाचांना ताप आला आणि आठ दिवसांत उतरला. नवव्या दिवशी त्यांच्या बायकोनं, खतीजाबीनं, आलं ठेचून चहा दिला. चाचांनी दोन घोट घेतले आणि नुसतं साखरेचं गरम पाणी काहून दिलं म्हणून तिच्यावर वैतागले. तिनं आल्याचा तुकडा त्यांच्या नाकासमोर धरला. चाचांनी तो हुंगला, पुन्हा हुंगला, आणि कप हळूच खाली ठेवला.

उपाय सगळे झाले. कांदा फोडून नाकाशी धरला, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं, निलगिरीची वाफ घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. घराबाहेर त्यांनी ही गोष्ट कळू दिली नाही. गुडघे दुखतात म्हणून मोठी कामं सोडली. जी घेतली त्यांत संतरामला शेजारी उभं केलं आणि आता मिठाबरोबर मसाला, करप, कच्चं-पक्कं सगळं त्याच्या तोंडून घ्यायला लागले. बाहेरच्यांपैकी फक्त त्यालाच खरं माहीत होतं.

सून अफसाना हे सगळं गप्प राहून पाहत होती. एक दिवस स्वयंपाकघरात गॅसची नळी निसटली, अंगणापर्यंत वास आला आणि चाचा शेगडीशेजारी निवांत पेपर वाचत बसलेले. अफसानानं खिडक्या उघडल्या, सासऱ्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसवून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं कान-नाक-घशाच्या विभागात एका तरुण डॉक्टरीणबाईनं त्यांच्या नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं. ती बाजूला ठेवून म्हणाली, "चाचा, ओळखलं न्हाई व्हय? मी रूपसिंग राठोडांची पल्लवी."

चाचा खुर्चीतून उठायलाच लागले. रूपसिंगची लेक डॉक्टरीला लागली तेव्हा तांड्यावर जेवण झालं होतं आणि ती देग चाचांनीच चढवली होती. आता ती एम.एस.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं सांगितलं, नाक साफ आहे, पण तापात वास घेणाऱ्या नसा दुबळ्या झाल्यात. त्यांना रोज थोडी थोडी तालीम दिली तर काहींचा वास परत येतो. डॉक्टर लोक त्यासाठी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार बाटल्या देतात. आपल्या परीक्षेच्या अभ्यासात तिला बघायचं होतं, की त्याऐवजी माणसाच्या जन्माच्या ओळखीचे वास दिले तर जास्त फायदा होतो का. कोणाला कुठल्या बाटल्या हे चिठ्ठीवर ठरणार होतं. तिनं संमतीचा कागद वाचून दाखवला, मधे तीनदा थांबून समजलं का ते विचारलं, आणि मन नसेल तर आत्ताही नाही म्हणा, उपचार तरीही करीन, असं सांगितलं. चाचांच्या आयुष्यात एवढ्या शिकलेल्या माणसानं त्यांची परवानगी मागण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी सही करताना आपलं नाव नेहमीपेक्षा मोठं काढलं.

चिठ्ठी ओळखीच्या वासांची निघाली. चाचांनी लवंग, शहाजिरे, केवडा आणि तळलेला कांदा निवडला. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली वीस मोजेपर्यंत हुंगायची आणि वास किती आला ते शून्य ते दहामध्ये वहीत लिहायचं. नऊ महिने.

पहिला महिना वहीत नुसती शून्यं. दुसऱ्या खेपेला ती वही बघणारी प्रतिक्षा नावाची मुलगी सहज बोलून गेली, की मॅडमची परीक्षा याच अभ्यासावर आहे. झालं. चाचांनी परतीच्या बसमध्ये अर्धापूर यायच्या आत हिशोब लावून टाकला, की आपल्या नाकाला वास आला नाही तर रूपसिंगची लेक नापास होणार. तांड्यावरची पोर, आपल्याला चाचा म्हणून चहा पाजते, आपल्या नाकात डोकं घालून बसते, आणि आपण तिला शून्य द्यायचं? जेवणाला बोलावलेल्या माणसानं कसं का असेना, छान झालं म्हणायचं असतं. ही रीत चाचांच्या हाडात मुरलेली होती. त्या संध्याकाळी त्यांनी लवंगेसमोर दोन लिहिले. मग तीन. रमजान लागला तेव्हा केवडा सहावर पोचला होता आणि चाचांच्या नाकाला काडीचाही वास येत नव्हता. वही पाहून प्रतिक्षा खूश व्हायची. पल्लवी मात्र वहीकडं आणि दुसऱ्या एका कागदाकडं आळीपाळीनं बघत राहायची.

त्या रमजानात मशिदीच्या लोकांनी आग्रह केला म्हणून चाचांनी जुम्म्याचा खिचडा घोटायला घेतला. सूर्य कलला तसा संतराम आला, फुंकर मारून चमचा तोंडात टाकला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "एक नंबर, चाचा." रोजा सुटला. लोक जेवले, पण कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. चाचांनी ते पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी वाट्याचा खिचडा खाल्लेल्या खतीजाबीला शपथ घालून विचारलं तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "तले में लग गया था, जी. पूरी देग में करप की बू थी."

सकाळ होताच चाचा संतरामच्या दारात उभे.

"करपलं होतं व्हय रे?"

संतराम दोऱ्या गुंडाळत होता. त्यानं दोरी खाली ठेवली. "व्हय, चाचा."

"मंग काहून न्हाई सांगितलं? उकळतं पाणी मारून, दुसऱ्या देगीत उपसून मी निम्मं तरी वाचवलं असतं."

"तुमचं तोंड बघून जीभ उचलली न्हाई. आदीच तुमी इतके खचून राहिलात."

"माझं नाक गेलं म्हणून मी तुझी जीभ मागितली, संतराम. तू बी खोटं बोलला तर मी कुणाच्या भरवशावर देग चढवू?"

संतरामचे डोळे भरून आले. त्याच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं, हे चाचांनाही दिसत होतं. ते रागानं वळले, चार पावलं गेले आणि रस्त्यातच थबकले. आत्ता आपण जे संतरामला सुनावलं, ते शब्दाशब्दानं आपल्यालाच लागू आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या पोरीनं आपल्यावर भरवसा ठेवून देग चढवली आहे आणि आपण तिच्याशेजारी उभे राहून एक नंबर म्हणतो आहोत. 

ते घरी गेले, वही घेतली आणि तारीख नसताना, रोज्याच्या तोंडानं नांदेडला गेले. दवाखान्यात दोन तास बाकावर बसले. पल्लवी बाहेर आली तेव्हा त्यांनी उभं राहून वही दोन्ही हातांनी पुढं केली.

"बेटा, पहिला महिना सोडून समदी वही खोटी हाय. मला काही वास येत न्हाई."

"मंग लिहिलं काहून?"

"तू नापास होशील म्हणून."

पल्लवी त्यांच्याशेजारी बाकावर बसली. वही तिनं मिटलेलीच मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "दर खेपेला मी तुमाला वासाच्या काड्या देऊन ओळखायला सांगते ना? त्या काड्या म्हणायच्या काहीच फरक न्हाई. वही म्हणायची लई फरक. मला वाटलं माझ्या काड्याच खराब झाल्या. दोनदा नव्या मागवल्या, चाचा. तुमी खोटं लिहाल असं माझ्या मनात बी आलं न्हाई."

चाचांना यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"आन मी नापास बिपास होत न्हाई," ती पुढं म्हणाली. "वास आला न्हाई, हे बी उत्तरच हाय. पण न येता आला म्हणून लिहिलं, तर उद्या कुणी डॉक्टर शंभर लोकांना ह्याच बाटल्या देऊन बसवील. ते बिचारे हुंगत राहतील, आपलंच काही चुकतंय म्हणून. तुमचं शून्य मला पाहिजे होतं."

चाचा चुकले ते चुकलेच, हे तिनं लपवलं नाही. तिनं वरच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. खोट्या पानांवर तशी नोंद झाली, ती पानं मोजणीतून बाद झाली, आणि चाचांना पुढचे महिने चालू ठेवायला परवानगी मिळाली. पुढं नवीन माणूस आला, की त्याला सगळ्यात आधी शून्य लिहायला लाजू नका असं सांगण्यात येऊ लागलं. ते सांगायला पल्लवीनं चाचांनाच दोन-तीनदा बसवलं. चाचांनी खिचड्याची गोष्ट सांगितली, तेव्हा समोरच्या बाकावरच्या एका बाईनं हळूच आपली वही मागं घेतली आणि पेन मागितलं.

कबुली दिली त्या दिवशी परत आल्यावर चाचा आधी संतरामकडं गेले. "पुढच्या जुम्म्याला ये," एवढंच म्हणाले. पुढच्या जुम्म्याला संतरामनं चमचा तोंडात टाकून तोंड वाकडं केलं आणि सांगितलं, "मिरची जास्ती. लई जास्ती." चाचांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दही फेटून घातलं. इतक्या आनंदानं त्यांनी कुणाची टीका कधी ऐकली नव्हती.

ईद झाली. वहीत पुन्हा शून्यं सुरू झाली, सकाळची चार, संध्याकाळची चार. बेचाळीस दिवस. त्रेचाळिसाव्या सकाळी केवड्याच्या बाटलीत काहीतरी होतं. केवडा नव्हे, पण कुठंतरी लांब, गोडसर, पातळ असं काही. चाचांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता. त्यांनी अफसानाला हाक मारली, चार बाटल्यांत साध्या पाण्याची पाचवी मिसळायला लावली आणि डोळ्यांवर रुमाल बांधून बसले. अफसानानं तीनदा बाटल्या फिरवल्या. तिन्ही वेळा चाचांनी केवड्यावर बोट ठेवलं. तिसऱ्या वेळी अफसाना रडायला लागली, म्हणून त्यांना रुमाल सोडायच्या आधीच कळलं.

त्यांनी एक लिहिला. खतीजाबी खांद्यावरून वाकून बघत होती. "इतने दिन सूँघा, दो तो लिखते," ती म्हणाली.

"एकच हाय," चाचा म्हणाले.

नांदेडला पल्लवीनं वही उघडली आणि शून्यांवरून बोट फिरवत फिरवत त्या एकापाशी आणलं. मग काड्या काढल्या. एरवी बारापैकी तीनच, त्याही अंदाजानं, जुळायच्या, त्या दिवशी पाच आल्या. फार नाहीत, असं ती स्वतःच म्हणाली. अजून काही सांगता येत नाही, पाचही नशिबानं आल्या असतील, तालीम चालू ठेवा. चाचांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, "बेटा, चाळीस वर्षं लोकांनी माझ्या जेवणाला वाहवा केली. माझं शून्य मागून घेणारी तू पहिली. अल्ला तुला लई देवो."

 पल्लवीनं डोळे पुसले आणि तो एक आपल्या मोठ्या तक्त्यात उतरवून घेतला. खरा आहे ना, असं तिनं विचारलं नाही. चाचा समोर बसून तिचं पेन चालताना बघत होते, आणि एवढं खोटं लिहूनही तिनं ते विचारलं नाही, हेच त्यांच्या मनाला सगळ्यात जास्त भिडलं. त्यांनी टोपीनं तोंड झाकलं आणि आवाज न करता रडून घेतलं.