फुग्यांवरचा हात

कॉमिक्स विकत घ्यावं की नाही, हे ठरवायची आमची एकच पद्धत होती, आणि ती माझ्या डोंबिवलीच्या मित्राने काढलेली. पुस्तक मधूनच उघडायचं, संवादांचे फुगे तळहाताने झाकायचे आणि नुसती चित्रं बघायची. काय चाललंय ते कळलं तर घ्यायचं. नाही कळलं तर ठेवून द्यायचं, मग कव्हर कितीही चकचकीत असो.

आता मोबाइलवर कुणीतरी ओरडून सांगतो, ‘हे वाचाच’, की झालं, सगळे धावले. डोकं फिरतं माझं. अरे, तू स्वतः उघडून बघितलंस का? कल्याणला स्टेशनबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगापुढे आम्ही दोघं पोट सुटलेले, नोकरदार बाप्ये उकिडवे बसायचो. लोक हसायचे. हसोत. तो पान उघडायचा, हात ठेवायचा आणि लगेच म्हणायचा, “ह्याला मारामारी काढता येते, माणूस काढता येत नाही. ठेव.” मी भांडायचो, हट्टाने तेच घरी न्यायचो, आणि वाचून झालं की गुपचूप त्याचं म्हणणं मान्य करायचो.

तर हा माणूस स्वतः एक कॉमिक्स काढत होता. कित्येक वर्षं, दर रविवारी, जेवणाच्या टेबलावर. गोष्ट त्याच्या वडिलांची. वडील शहाडकडच्या एका कारखान्यात होते, तिथून त्यांना काढलं आणि त्यानंतर ते घरात फारसे बोललेच नाहीत. एवढं मला ठाऊक होतं. बाकी एक रेघ त्याने दाखवली नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात पुस्तक छापून आलं आणि त्याचा फोन आला. “ये. तू सांगशील तेच खरं.” घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत, मग शीळफाट्याला अडकून मी कसाबसा पोचलो. पहिलं पान उलटणार तर म्हणाला, “असं नाही रे. आपल्या पद्धतीने.” त्याने मधलं पान उघडलं आणि फुग्यांवर स्वतःच हात ठेवला.

“सांग, काय चाललंय?”

एक फाटक होतं. डबा घेतलेला एक माणूस, त्याच्या शेजारी दुसरा. मेहनत एवढी, की फाटकाचा गज न् गज काढलेला. पण चेहरे... काय सांगू, नाकं होती, डोळे होते, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. देवा, काहीतरी सुचू दे, असं झालं मला.

“बसची वाट बघतायत,” मी म्हणालो.

त्याने हात उचलला. फुग्यात लिहिलेलं होतं, ‘उद्यापासून येऊ नका.’

मी घाईघाईने संवाद वाचत सुटलो. भाषा काय सुरेख आहे, फुगे झाकून कोण वाचतं, पद्धत गेली खड्ड्यात, काय काय बोललो. खोटं नव्हतो बोलत. संवाद खरंच चांगले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दुसऱ्या कुणाचं असतं, तर मी काय म्हटलं असतं?”

ते दोघांनाही माहीत होतं. चांगलं काय ते इतकं नेमकं कळावं आणि आपल्या हातून ते होऊ नये, ह्यापरता छळ नाही. ज्यांना कळत नाही ते सुखाने काढत राहतात. ह्याला कळत होतं. मला रडायला येत होतं.

तेवढ्यात वहिनी पोहे घेऊन आल्या. इतक्या वर्षांचे रविवार त्यांनीही ह्या पुस्तकाला दिलेले. “कसं वाटलं, भावजी?”

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “आवडलं त्याला. फार आवडलं.” आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि मला आणखी पोहे वाढले.

त्यानंतर त्याने पेन्सिल धरली नाही. वाचणंही सोडलं. कल्याणला चल म्हटलं की गुडघे दुखतात म्हणतो. गुडघे म्हणे! मी एकटाच जातो, चार पुस्तकं चाळतो आणि रिकाम्या हाताने परत येतो.

परवा वहिनींचा फोन आला. “भावजी, हे पुस्तकाच्या दुसऱ्या भागाला हातच लावत नाहीयेत हो. तुम्ही जरा सांगा ना. तुम्हाला एवढं आवडलेलं, तुमचं ऐकतील ते.”

“सांगतो,” म्हटलं.