बटाटेवड्याची टेकडी

सकाळचं फिरणं झालं की आम्ही तीन निवृत्त माणसं कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसतो आणि परदेशातलं एक जुनं यादवी युद्ध पुन्हा लढतो. आज बटाटेवडा म्हणजे टेकडी होती, तळलेल्या मिरच्या तोफा आणि सांडलेला चहा नदी.

"सेनापतीनं तुकडी वर ठेवायलाच नको होती," प्रधान म्हणाले.

"उलट आणखी माणसं चढवायची," मी म्हणालो. "थोडी गेली असती, पण लढाई हातात आली असती."

घरी भाजी कोणती आणायची तेही विचारून ठरवणारा मी. माणसं मरायला पाठवताना मात्र जरासुद्धा अडखळलो नाही.

साळुंखे एकेकाळी लष्करात होते, जखमींचे स्ट्रेचर उचलायचे. एरवी ते नुसते ऐकतात. आज त्यांनी विचारलं, "टेकडीवरचे जखमी खाली कोणी आणले?"

या युद्धावरची तीन जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत. सेनापतीच्या घोड्याचा रंगसुद्धा मला ठाऊक आहे. जखमींचं काहीच आठवेना. पोरं पाणी मागत पडली असतील. दोन्हीकडची भाषा एकच, म्हणजे समोर बंदूक धरून बसलेल्यालाही ते मागणं शब्दन् शब्द कळत असणार.

"ते पुस्तकात नाही," मी म्हणालो.

साळुंखे उठून गेले. प्रधानांनी टेकडी मोडली, चटणीत बुडवली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मी ती खाल्ली. चवीला छान लागली, आणि त्याचीच अजून किळस येते आहे.