बाबांच्या डाव्या हाताची बटणं

बाबांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं पार गेलं. तोंडातून एकच आवाज यायचा, "ता... ता..." पाणी हवं तरी ता, पोटात दुखलं तरी ता. आम्ही एकेक करून विचारायचो, पाणी देऊ? पंखा लावू? कूस बदलू? ते मान हलवायचे, पण हो म्हणायचं असतानाही मान नाहीची हलायची. आम्हाला समजत नाही हे दिसलं की डाव्या हाताने चादर ओरबाडायचे. एकदा आईच्या मनगटावर नखं उमटली. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली, रडणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून.

भाईंदर पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर आमचं वन रूम किचन. घरात आम्ही तिघंच. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, सिल्व्हर पार्कमधल्या एका दुकानात युपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्त करायचे. बाबांनी सव्वीस वर्षं एका ऑफिसच्या साहेबांची गाडी चालवली. शेवटच्या गाडीला डॅशबोर्डवर मधोमध बटणांचं पॅनल होतं. त्या बटणांना ते साहेबांनाही हात लावू देत नसत.

एका दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, आणि बाबांचा डावा हात उचलला जाऊन हवेत काहीतरी दाबू लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आई घाबरली. "अगं, हे काय करतायत बघ."

मला एकदम लक्षात आलं. बाबा एसी लावत होते. गाडी चालवताना उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा गिअरवर, बटणांवर. जो हात वाचला होता तोच बटणांचा हात होता. तोंडाने नाही तर बटणांनी सांगता येईल, असं मनात आलं.

त्या वर्षी पुरात बुडालेल्या गाड्या काशिमीऱ्याच्या भंगारात येऊन पडल्या होत्या. बाबांच्या गाडीचं मॉडेल मला तिथे सापडलं. भंगारवाल्याला मी बजावलं, "सिर्फ बीच का पॅनल चाहिए. वायर मत काटना." मी पाठ फिरवली आणि त्याने वायरी मुळापासून छाटल्या. "पॅनल तो एकदम बढिया है मॅडम," म्हणाला. आत चिखल वाळून बसला होता.

दुकानाच्या सेठने जेवणाच्या सुट्टीत टेबल वापरू दिलं. थिनरने चिखल धुतला. बटणं नऊ आणि वायरींची थोटकं फक्त चार. बाकीच्या तुटल्या असं समजून मी आठवडाभर त्यांची जागा शोधत बसले. नकाशा नाही, रंग उडालेले. एकदा भलत्याच वायरला बारा व्होल्ट दिले आणि पॅनलमधून धुराची बारीक रेघ निघाली. मी पिन ओढली आणि तशीच बसून राहिले. दुसरं पॅनल मिळणार नव्हतं. घरी त्याच वेळी बाबा "ता... ता..." म्हणत असतील आणि आई एकेक वस्तू उचलून दाखवत असेल, हे डोळ्यांसमोरून हलेना.

नशिबाने जळला तो रात्री पॅनल उजळवणारा दिवा. पुढे मीटर लावून एकेक बटण दाबत गेले तेव्हा उलगडलं. नऊही बटणं एकाच वायरवर होती, पण प्रत्येकाच्या वाटेवर वीज अडवणारा वेगळ्या मापाचा रेझिस्टर होता. एसी दाबलं की मीटर एक आकडा दाखवी, पंखा दाबला की दुसरा. मग प्रत्येक आकड्याला एक छोटा दिवा पेटेल असं सर्किट केलं आणि दिव्यांची पाटी, सोबत बझर, स्वयंपाकघरात लावली.

पॅनल पलंगाच्या डाव्या अंगाला बसवलं त्या रविवारी बाबांनी अंगठ्याने त्याच्या कडेची धूळ पुसली. आई माझ्याकडे बघून हसली, किती महिन्यांनी कोण जाणे. मी प्रत्येक बटणावर चित्रं चिकटवली होती. ताट, पंखा, बेडपॅन. पाणी सारखं लागतं म्हणून सगळ्यात मोठ्या, लाल त्रिकोणाच्या बटणावर पेला.

दोन दिवस पेल्याचाच दिवा पेटत राहिला. पाणी न्यावं तर ते तोंड फिरवत. पुन्हा बझर. पुन्हा पाणी. मंगळवारी त्यांनी पेला उडवून लावला आणि मी ओरडले, "बाबा, पाण्याचं बटण तुम्हीच दाबलंत ना? मग प्या ना!" ते भिंतीकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. सगळं उचलून खाडीत फेकावं असं मला वाटलं.

आई पलंगाशी येऊन उभी राहिली. "ती चित्रं काढ."

"का?"

"ते चित्रं बघतच नाहीयेत. ते गाडी बघतायत. लाल त्रिकोण कधी लावतात? गाडी अडली की. मला त्यांनीच सांगितलंय कितीदा."

आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं. कमरेखाली, माकडहाडाशी, रुपयाएवढी जखम उघडी पडली होती. वर पावडर मारत होतो म्हणून वासही आला नव्हता. ते दोन दिवस हेच सांगत होते आणि आम्ही पाणी पाजत होतो.

त्या संध्याकाळी मी चित्रं खरवडून काढली. वहीत लिहू लागले, त्यांनी काय दाबलं आणि मग कशाने ते शांत झाले. एसी म्हणजे उकडतंय, हे सोपं होतं. मागच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण का दाबत, ते आठ दिवसांनी कळलं. त्यांना चष्मा पुसून हवा असायचा. घड्याळाचं बटण मात्र रोज दुपारी दाबायचे, त्याचा अर्थ कधीच लागला नाही. घड्याळ दाखवलं, रेडिओ लावला, कॅलेंडर आणलं. काही नाही.

जखम भरली नाही. ताप चढला आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. तिथे पॅनल कुठलं लावणार? डावा हात पलंगाच्या दांडीवर काहीतरी दाबत राहायचा. त्यात सलाईनची सुई दोनदा निघाली, तेव्हा सिस्टरने हात पट्टीने दांडीला बांधला.

"सोडा ना सिस्टर. ते सांगतायत काहीतरी."

"अहो, सुई काढतात ते. तुम्ही बसणार आहात का चोवीस तास धरून?"

"बसते."

तिने पट्टी सोडली. मी त्यांचा हात माझ्या तळव्यावर घेतला. त्यांनी बोट टेकवलं, अंगठ्याच्या मुळाशी, मग मधोमध, मग पुन्हा मधोमध. कुठलं बटण कुठे धरलंय, मला कळेना. मी फक्त "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिले. ते मला ओळखून होते. कळत नसताना मी हो म्हणतेय हे त्यांना दिसत असणार. तरी दाबत होते.

पाच वाजता आई आली. तिने हात स्वतःकडे घेतला आणि मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.